१९७२ची एमजीबी: सीट नव्याने मढवाव्यात की सरळ बदलाव्यात?

निळीगाडी | २ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मी एमजीबी घेतली तेव्हा इथेच लिहिलं होतं. १९७२ची रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी, टील ब्लू रंगाची. आतलं सगळं वाळलेल्या पानाच्या रंगाचं, कंपनी त्याला ऑटम लीफ म्हणायची. बर्मिंगहॅमजवळ राहतो, त्यामुळे सुटे भाग मिळायला अडचण नाही. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला, पण १९६२पासून तिथून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या होत्या, म्हणून आजही स्क्रूपासून अख्ख्या सांगाड्यापर्यंत सगळं नवं मिळतं. इंजिन झालं, ब्रेक झाले, फ्लोअरचे पत्रे बदलले. आता सीटची पाळी आहे आणि इथे माझं काही ठरत नाही.

अवस्था अशी. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची शिवण उसवली आहे, व्हिनाइल (रेक्झिनसारखं नकली चामडं) फाटलंय, आणि आतला फोम बोट लावलं की पिवळी भुकटी होऊन गळतो. बसलं की माणूस खोल जातो. इतका, की बॉनेटचं टोक दिसायला मान वर करावी लागते. तासाभरात कंबर धरते. शेजारची सीट वरून बरी दिसते, पण बसणारा एका बाजूला कलतो.

तीन वाटा दिसतात. तयार व्हिनाइल कव्हरं आणि फोमचा संच आणून स्वतः मढवणं. तेच चामड्यात करणं. किंवा पुष्कळ लोक करतात तसं माझ्दा एमएक्स-५ या जपानी दोन सीटच्या गाडीच्या जुन्या सीट बसवून मोकळं होणं.

एक गोष्ट आधीच सांगतो. आई जुलैत सांगलीहून येतेय. गेल्या वेळी आली तेव्हा गाडी पत्रा-पत्रा सुटलेली होती आणि ती नुसती गॅरेजच्या दारात उभी राहून बघून गेली. या वेळी तिला शेजारी बसवून कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांच्या बाजूला न्यायचं आहे. तिचं वय ७४, गुडघे दुखतात. त्यामुळे शेजारची सीट माझ्यासाठी ड्रायव्हरच्या सीटइतकीच महत्त्वाची आहे.

सह्यवारा | ३ मार्च, पहाटे ४:३०

न्यू जर्सीहून. माझी १९६९ची, डावीकडे स्टीअरिंग असलेली. मी एमएक्स-५च्या पहिल्या पिढीच्या सीट बसवल्या, १९८९ ते १९९७ वाल्या. आठ वर्षं झाली, एक दिवसही पस्तावलो नाही. कंबरेला आधार मिळतो, मांडीखाली आधार मिळतो, आणि मुख्य म्हणजे डोक्यामागे काहीतरी असतं. सुरुवातीच्या एमजीबीच्या पाठी खांद्याच्या खाली संपतात. मागून कोणी ठोकलं तर मान थेट मागे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९पासून नव्या गाड्यांना हेडरेस्ट सक्तीचं झालं, ते उगाच नाही.

अडचणीही सांगतो. सीट रुंद आहे, मधला बोगदा (दोन सीटांमधला गिअरबॉक्सवरचा उंचवटा) आणि दार यांच्यामध्ये ती जेमतेम मावते. एमजीबीच्या रेल, ज्यांवर सीट पुढे-मागे सरकते, तिला लागत नाहीत, खालून जुळणी करावी लागते. आणि जुळणी नीट जमली नाही तर तुम्ही उंच बसता. मी ५ फूट ७ इंच, मला चालतं. सहा फुटी माणसाचं डोकं हूडला, म्हणजे कापडी छताला लागेल.

मूळ सीट माळ्यावर ठेवल्यात. विकल्या नाहीत.

दाभण | ३ मार्च, दुपारी १:१५

निळीगाडी दादा, कव्हर, चामडं, माझ्दा, सगळं बाजूला ठेवा. आधी सीट बाहेर काढून उलटी करा आणि खाली काय दिसतं ते सांगा.

माझ्या वडिलांचं पुण्यात नाना पेठेत सीट-कुशनचं दुकान. आता मी बघते. दुकानात येणारं गिऱ्हाईक कव्हर फाटलं म्हणून येतं, आणि दहातल्या सहा वेळा दुखणं खाली असतं. तुम्ही लिहिलंय की माणूस खोल जातो आणि दुसऱ्या सीटवर एका बाजूला कलतो. फोम भुगा झाला म्हणून माणूस थोडा खाली जाईल, पण कलणार नाही. कलतो म्हणजे खालचा आधार एका बाजूने सुटलाय.

तुमच्या गाडीत स्प्रिंगा नसणार. त्या काळातल्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत लोखंडी चौकटीत जाड रबराची चादर ताणून बसवलेली असते, कडेने तारेच्या आकड्यांनी चौकटीला अडकवलेली. तिला डायफ्राम म्हणतात. ती चादरच स्प्रिंगेचं काम करते. पन्नास वर्षांत रबर वाळतं, आकड्यांच्या भोकांपाशी चिरतं, आणि एकेक आकडा सुटत जातो. वर कितीही भारी फोम घाला, तो त्या झोळीत जाऊन बसणार.

काढताना दोन गोष्टी. बोल्ट जुन्या इंची मापाचे आहेत, मिलीमीटरचा पाना लावून डोकी गोल करू नका. आणि रेलखाली लाकडी पट्ट्या असतील, त्या कुजलेल्या असल्या तरी टाकू नका, नव्या कापायला माप लागेल. खालून बोल्टचं टोक रस्त्याच्या पाण्यात राहिलेलं असतं, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

खाडीकिनारी | ३ मार्च, संध्याकाळी ७:४०

विषय माझ्या जवळचा नाही, पण वाचून आठवलं. आमच्याकडे वडिलांची फोक्सवॅगन बीटल होती. तिच्या सीटमध्ये फोम नव्हता, स्प्रिंगांवर काथ्या होता. रबरात भिजवून दाबलेला नारळाचा काथ्या. पावसाळ्यात गाडीचं दार उघडलं की त्याचा एक खास वास यायचा, अजून नाकात आहे. आमच्या घराच्या मागेच नारळाची सोडणं खाडीत कुजत घातलेली असायची आणि जर्मन गाडीत तोच काथ्या, याचं लहानपणी फार नवल वाटायचं.

चामड्याबद्दल मात्र अनुभवाचं सांगते. कोकणात चामड्याची सीट जून ते सप्टेंबर म्हणजे बुरशीची शेती. इंग्लंडची ओल वेगळी असेल, पण तुमची गाडी हिवाळाभर गॅरेजमध्ये बंद असणार ना?

निळीगाडी | ९ मार्च, रात्री १०:०५

दाभणताई, तुम्ही न बघता अचूक सांगितलंत.

शनिवारी सीट काढली. चारपैकी तीन बोल्ट निघाले, चौथ्याचं डोकं तुटलं, ते ड्रिल करून काढावं लागलं. ड्रायव्हरच्या सीटची रबरी चादर मधोमध फाटून दोन तुकडे झाली आहे. शेजारच्या सीटची शाबूत आहे, पण बोगद्याच्या बाजूचे तीन आकडे भोकं फाडून सुटले आहेत. कलण्याचं कारण तेच. शिवाय ड्रायव्हरच्या चौकटीत मागच्या कोपऱ्यात वेल्डला केसाएवढी चीर दिसते. फोम काढला नसता तर दिसलीच नसती.

फोम आणि पाठीच्या फटीत एक नाणं सापडलं. अर्ध्या पेनीचं. हे नाणं १९८४च्या डिसेंबरात चलनातून बाद झालं. म्हणजे बहुधा त्याआधी कोणाच्या तरी खिशातून पडलं आणि तेव्हापासून या फटीत कोणाचा हात पोहोचला नाही. मी ते धुऊन डबीत ठेवलंय. सीट होईल तेव्हा परत तिथेच टाकायचं मनात आहे.

नटबोल्ट | १० मार्च, सकाळी ८:२०

चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांत काम करतो, सीटच्या चौकटींशी रोजचा संबंध. दोन मुद्दे.

ती केसाएवढी चीर हलक्यात घेऊ नका. रिक्लायनरचा, म्हणजे पाठ मागे झुकवायचा सांधा चौकटीच्या मागच्या कोपऱ्यावर भार टाकतो. माणूस पाठीला रेटा देऊन क्लच दाबतो, तो प्रत्येक रेटा तिथे येतो. चीर साफ घासून, तिच्या टोकापर्यंत जाऊन, जाणकाराकडून वेल्ड करून घ्या. नुसता वरून ठिपका दिला तर चीर शेजारून पुढे सरकते.

दुसरं एमएक्स-५बद्दल. सह्यवारा यांनी नीट केलं असेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण इंटरनेटवर मी जे फोटो बघतो त्यात निम्म्या लोकांनी चपट्या पट्टीला दोन भोकं पाडून सीट टांगलेली असते. धडकेत सीट आणि माणूस मिळून जो झटका बसतो तो त्या पट्टीने सोसायचा असतो. फ्लोअरच्या पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून येऊ नये म्हणून खालून जाड प्लेट लागते. मूळ बोल्टच्या जागा कारखान्याने विचार करून मजबूत केलेल्या आहेत. त्या सोडून नवी भोकं पाडायची असतील तर तो आरामाचा प्रश्न राहत नाही.

सह्यवारा | १० मार्च, संध्याकाळी ५:५०

नटबोल्ट, मान्य. मी वेल्डिंगच्या दुकानातून चौकोनी नळीच्या जोडचौकटी करून घेतल्या आणि चारही मूळ जागाच वापरल्या. आधी हे लिहायला हवं होतं.

निळीगाडी, तिकडे चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ आहे ना? सीट बदलली तर ती सवलत जाते का?

निळीगाडी | १० मार्च, रात्री ९:३०

नाही जात. मे २०१८पासून ही सवलत आहे, अट एवढीच की गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत. तिथे चॅसी किंवा बॉडी, ॲक्सल आणि चाकांची जोडणी, आणि इंजिन बघतात. सीट त्यात येत नाही. मी तरीही दरवर्षी एमओटी करून घेतो. दुसऱ्या माणसाने गाडीखाली जाऊन बघितलेलं बरं.

रंकाळा | १२ मार्च, दुपारी ३:००

चामड्याचा प्रश्न राहिलाच. मी कोल्हापूरचा, घरचा धंदा चपलांचा, म्हणून चामड्यावर दोन शब्द.

आमच्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. कडक, पाणी पिणारं, पायाच्या घामाने आणि तेलाने हळूहळू आकार घेणारं. चपलेला तेच हवं. गाडीच्या सीटला ते कधीही वापरू नका, कोणी कितीही 'नैसर्गिक' म्हणून विकलं तरी. उन्हात आक्रसेल, पावसात डाग धरेल. गाडीचं चामडं क्रोमने कमावलेलं, वरून रंगाचा थर दिलेलं, साधारण एक ते सव्वा मिलीमीटर जाडीचं असतं.

दुसरं, एका अख्ख्या गायीच्या कातड्यात साधारण ५० चौरस फूट माल असतो, पण सगळा सारखा नसतो. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा भाग ढिला आणि ताणला जाणारा. पोटाचा तुकडा बसायच्या जागी लागला तर वर्षात तिथे डबकं होतं. स्वतः बेतणार असाल तर हे बघूनच बेता. बसायची जागा आणि पाठ कण्याजवळच्या भागातून, कडा आणि मागची बाजू उरलेल्यातून.

आणि मनातलं बोलू का? तुमची गाडी १९७२ची. सुरुवातीच्या एमजीबींना बसायच्या भागाला खरं चामडं होतं, पण १९७०च्या मॉडेलपासून कंपनीने व्हिनाइल घातलं. तुमच्या गाडीला चामडं घालणं म्हणजे तिला तिचं नसलेलं नेसवणं. घरचा धंदा कातड्याचा असून सांगतो, तुम्ही व्हिनाइल घ्या.

दाभण | १२ मार्च, संध्याकाळी ६:२५

रंकाळा दादांशी सहमत. चामडं शिवायचं ठरवलं तर आणखी एक: टाका लांब ठेवायचा, इंचाला सहा-सात. जवळजवळ टाके घातले की चामड्याला टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि बसल्या बसल्या तिथून फाटतं. कापड फाटलं तर रफू होतं, चामड्याला पडलेलं भोक कायमचं. दोरा बाँडेड पॉलिस्टरचा घ्या, उघड्या गाडीत ऊन सरळ शिवणीवर पडतं. सुती दोरा अजिबात नको, तो आतल्या आत कुजतो. तुमची ती दाराकडची शिवण दोऱ्यानेच दगा दिल्यामुळे उसवली असणार, उसवलेल्या ठिकाणी व्हिनाइलची भोकं शाबूत आहेत का बघा.

आता फोम. इथे सगळे फसतात, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्याकडे फोम 'डेन्सिटी'वर विकतात. ३२, ४०, ५०. हा आकडा म्हणजे घनमीटरला किती किलो माल आहे, एवढंच. तो कडक आहे की मऊ हे त्यावरून कळत नाही. ५०चा फोम मऊ असू शकतो आणि २८चा फोम फळीसारखा कडक. डेन्सिटी सांगते की फोम किती वर्षं आपला आकार धरेल. कडकपणा वेगळा मोजतात, फोम ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो त्यावरून. गिऱ्हाईक म्हणतं 'भारीतला द्या', दुकानदार जास्त डेन्सिटीचा कडक फोम देतो, आणि गिऱ्हाईक दगडावर बसल्यासारखं बसतं.

तुमच्या सीटला खाली रबराची चादर आहे, ती लवचीक. वर फोम फार कडक घातला तर चादर आणि फोम एकमेकांशी भांडतात, माणूस उसळतो. म्हणून साच्यात ओतलेला तयार फोम मिळत असेल तर तोच घ्या. तो त्या चादरीचा विचार करून केलेला असतो, आणि कव्हर ज्या खाचेत जातं ती खाच त्यात असते. मी हाताने फोम कोरून सीट करते, पण तुम्हाला पहिल्याच सीटला ते करायला सांगणार नाही.

आईंच्या गुडघ्यांसाठी: मऊ फोम मागू नका. मऊ सीटमधून उठायला गुडघ्यांना जास्त जोर लागतो. घट्ट आणि पुढच्या कडेला किंचित उंच.

निळीगाडी | १२ मार्च, रात्री ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. मूळ सीट, नवी रबरी चादर दोन्हींना, साच्यातला फोम, ऑटम लीफ व्हिनाइल. चौकट सोमवारी वेल्डिंगला जाते.

ताई, तुमचं खरं निघालं. उसवलेल्या ठिकाणी व्हिनाइलची भोकं गोल आणि शाबूत आहेत. दोराच गेला.

निळीगाडी | १४ एप्रिल, रात्री ८:४५

उशीर झाला. कव्हरं आली ती चुकीची निघाली. पाठीच्या वरच्या कडेला हेडरेस्टसाठी चीर असते, ती नव्हती. माझ्या सीटला हेडरेस्ट आहेत. विक्रेत्याने आधी सांगितलं की तुम्हीच कापून घ्या. मी नकार दिला, कारण त्या चिरेला आतून मजबुतीची पट्टी शिवलेली असते, नुसतं कापलं तर तिथून फाटत जाणार. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला, आता बरोबर संच आला आहे. कोणी मागवणार असेल तर आधी आपली सीट नीट बघा: पाठ झुकते का, हेडरेस्ट आहे का, पट्ट्या उभ्या की आडव्या. एमजीबीच्या सीट वर्षागणिक बदलत गेल्या. १९७७च्या मॉडेलपासून तर इंग्लंडच्या गाड्यांना समुद्रकाठच्या खुर्च्यांसारखं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं. मधल्या पन्नास वर्षांत कोणीतरी दुसऱ्या वर्षाची सीट बसवलेली असू शकते, म्हणून नुसतं गाडीचं वर्ष सांगून मागवू नका. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यातून गाडी कधी बांधली, मूळ रंग कोणता, हे कळलं. सीटची जात मात्र सीट बघूनच कळते.

चादरी बसवल्या. आकडे ओढून चौकटीत अडकवायला एवढा जोर लागेल असं वाटलं नव्हतं. उद्यापासून कव्हर. काही सूचना?

दाभण | १५ एप्रिल, सकाळी ११:१०

व्हिनाइल गरम असू द्या. आपल्याकडे दुपारच्या उन्हात अर्धा तास पसरलं की झालं, तुमच्याकडे एप्रिलमध्ये रेडिएटरवर टाका. थंड व्हिनाइल ताणलं तर शिवणीपाशी पांढरं पडतं.

फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून मग कव्हर चढवा, नाहीतर फोम व्हिनाइलला धरून ठेवतो आणि कोपरे पोहोचत नाहीत.

गोंद फक्त खाचेत. दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. हा गोंद एकदा चिकटला की सरकत नाही, म्हणून आधी कोरडं बसवून मधली रेघ खडूने आखून घ्या. दारं उघडी ठेवा, वाफ पेट घेते, जवळ हीटर नको.

तानपुरा | १५ एप्रिल, दुपारी ४:००

मिरजेचा आहे, घरात वाद्यांचं काम. गाडीतलं कळत नाही, पण तुम्ही 'मढवणं' म्हणताय म्हणून लिहितो. तबल्याची पुडी ताणताना आम्ही एका घराची वादी ओढली की लगेच समोरच्या घराची ओढतो, शेजारची नाही. सोळा घरं असतात. ओळीने ओढत गेलं तर ताण एका बाजूला गोळा होतो आणि शेवटच्या घराला सगळा झोल येतो. तुमच्या कव्हरचंही तसंच असणार. पुढचं मधलं, मग मागचं मधलं, मग डावं, उजवं, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. पहिल्या फेरीत पूर्ण ताणू नका. दोन-तीन फेऱ्यांत ताणा.

दाभण | १५ एप्रिल, दुपारी ४:२०

तानपुरा दादा, माझे वडील नेमकं हेच सांगायचे, फक्त तबल्याच्या ऐवजी खाटेचं उदाहरण द्यायचे. अगदी बरोबर.

निळीगाडी | २१ एप्रिल, रात्री १०:४०

ड्रायव्हरची सीट झाली. दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी बसायचा भाग. मधोमधची रेघ खडूने आखली, कोरडं बसवून बघितलं, मग गोंद. डावी बाजू पहिल्या दमात बसली. उजवीकडे मी घाई केली, एक पट्टी अर्धा सेंटीमीटर तिरकी गेली. तेव्हाच काढायचा प्रयत्न केला असता तर फोम फाटला असता, म्हणून हेअर ड्रायरने गोंद मऊ करत बोटभर बोटभर सोडवली आणि परत लावली. आता डोळा जवळ नेला तरच कळतं.

पाठ अवघड गेली. कव्हर मोज्यासारखं वरून खाली ओढायचं असतं. प्लास्टिकच्या पिशवीशिवाय हे अशक्य होतं, ताई. हेडरेस्टची चीर भोकाशी जुळेपर्यंत चार वेळा वर-खाली केलं. तानपुरा यांचा समोरासमोर ओढायचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावला होता. दुसऱ्या फेरीनंतर ज्या चुण्या जाणार नाहीत असं वाटत होतं, त्या तिसऱ्या फेरीत आपोआप गेल्या. दोन उरल्या होत्या, त्या वाफेने गेल्या.

नाणं परत फटीत टाकलं. सोबत याच वर्षाचं एक पेनीही टाकलं.

आज पहिल्यांदा बसून वीस मैल चालवली. बॉनेटचं टोक दिसतं. या गाडीत बसल्यावर रस्ता जसा दिसायला हवा तसा दोन वर्षांत पहिल्यांदा दिसला. कंबर शांत आहे.

सह्यवारा | २२ एप्रिल, पहाटे ३:५०

फोटो बघितले. माळ्यावर जाऊन माझ्या जुन्या सीट उलट्या करून आलो. चादरी दोन्ही फाटलेल्या. मला तेव्हा वाटलं होतं की मूळ सीटच वाईट असतात. मी चाळीस वर्षांच्या फाटलेल्या सीटशी नव्या माझ्दाची तुलना करत होतो. एमएक्स-५च्या सीट मी काढणार नाही, हेडरेस्ट मला हवंच आहे. पण मूळ सीट या हिवाळ्यात दुरुस्त करतो. गाडीसोबत त्या चांगल्या स्थितीत राहायला हव्यात.

खाडीकिनारी | २२ एप्रिल, सकाळी ९:००

आईंच्या सीटचं काय झालं?

निळीगाडी | २६ जुलै, रात्री ९:२०

शेजारच्या सीटचं सांगायचं राहिलं, कारण ती आई आल्यावरच पूर्ण झाली.

मे-जूनमध्ये कामाच्या धबडग्यात मी नुसता बसायचा भाग केला होता. पाठ उघडीच होती. आई आली, दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आली आणि कव्हर हातात घेऊन आतल्या बाजूने शिवण बघायला लागली. तिने सांगलीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. म्हणाली, खालच्या कडेला पायपिंग धरलेलं नाही, इथे दोन ठिकाणी टाका सुटलाय, हे ओढलं की उसवणार. मला ते दिसलंच नव्हतं. परत पाठवलं असतं तर पुन्हा तीन आठवडे, आणि ती पंधरा दिवसांसाठी आलेली.

तिने वाकडी सुई मागितली. ती आणली. बाँडेड पॉलिस्टरचा दोरा घरात होताच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कव्हर पसरून तिने यंत्राच्या जुन्या भोकांतूनच हाताने टाके घातले, नवं भोक एकही पाडलं नाही. ताई, तुमचं ते 'भोक कायमचं' मी तिला सांगायच्या आधीच तिने तसं केलं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून पाठ चढवली. ती समोरून धरायची, मी मागून ओढायचो.

रविवारी कॉट्सवोल्ड्समधल्या ब्रॉडवे गावापर्यंत जाऊन आलो. हूड खाली, तिच्या डोक्याला स्कार्फ. सीटची पुढची कड थोडी उंच ठेवली होती. उतरताना आधी पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला हात, आणि ती स्वतःहून उठली. मी धरायला गेलो होतो, हात नको म्हणाली.

दाभण | २७ जुलै, सकाळी १०:३०

वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. एक विचारायचं होतं, त्यांनी टाका कोणता घातला? उलट टीप का?

निळीगाडी | २७ जुलै, सकाळी ११:०५

विचारलं. हो, उलट टीप. आणि दर पाचव्या टाक्याला गाठ. म्हणाली, एक टाका तुटला तरी पुढचे सुटू नयेत म्हणून. सीटच्या खालच्या कडेला आहे, सीट उलटी केल्याशिवाय दिसत नाही. फोटो काढलाय, संध्याकाळी टाकतो.